कस्तुऱ्यांच्या फाटकावर कस्तुऱ्यांचा मोर्चा

इंदूरच्या अन्नपूर्णा भागात रस्त्यावरचा दिवा गेला की लोक वायरमनच्या आधी दिवाकर कस्तुऱ्यांना गाठत. दिवाकररावांना फ्यूज बांधता येत नसे. पण बातमी कळताच ते चप्पल घालत, चार माणसं गोळा करत, आणि संध्याकाळपर्यंत 'दिवाबत्ती समिती' स्थापन झालेली असे. दिवा यथावकाश लागे, समिती मात्र कायमची चिकटे. वाचनालय समिती, बसथांबा समिती, लिंबाचं झाड वाचवा समिती, रक्तदान, गणेशोत्सव, आणि या सगळ्यांची आई म्हणजे अन्नपूर्णा परिसर नागरिक समिती. सगळीकडे सचिव हेच. बागेतल्या एका बाकासाठी तर त्यांनी दोन समित्या काढल्या होत्या. एक बाक बसवणारी, आणि दुसरी बाकावर कोण बसतं त्यावर नजर ठेवणारी.

सभा चालवायची त्यांची एक रीत होती. भांडणाचा विषय असला की तो ते पोहे येईपर्यंत रेंगाळत ठेवत. बशा हातात पडल्या, वर सेव-कांदा पडला, लोकांनी पहिला घास तोंडात घातला, की दिवाकरराव टुणकन उठून विचारत, "कोणाचा विरोध?" आता तुम्हीच सांगा, इंदूरचा माणूस गरम पोहे बाजूला ठेवून विरोध करील? ठराव सर्वानुमते पास. विरोध सुचायचा तो हात धुताना, आणि तोवर इतिवृत्तावर सह्या झालेल्या असायच्या.

असा हा सभेतला वाघ घरात आला की मांजर. घरात थोरले बंधू बाबूराव होते. 'दादा' म्हणाले की बसायचं, 'दादा' म्हणाले की उठायचं. दिवाकररावांच्या व्हिजिटिंग कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, कस्तुरे अँड सन्स' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं, पण कार्डाचा रंग कोणता असावा हेही दादांनीच ठरवलं होतं. दादांना उलट बोलायचं नाही, हा त्या घरातला दंडकच म्हणा ना. खरं तर कस्तुऱ्यांच्या घरात कोणीच कोणाला 'नाही' म्हणत नसे. जावई आले आणि त्यांनी पाचवी पोळी नको म्हटलं, तरी ते उद्धट ठरायचे.

कस्तुरे अँड सन्स म्हणजे लाकडी बॉबिनचा कारखाना. मिलमध्ये सूत ज्याच्यावर गुंडाळतात ती नळी, ती बॉबिन. वडील कृष्णरावांनी शेतांच्या मधोमध जागा घेऊन खराद, म्हणजे लाकूड कातायची यंत्रं, बसवले, हळदूचं लाकूड आणलं, आणि इंदूरच्या मिल जोवर सूत कातत होत्या तोवर कस्तुरे नळ्या कातत राहिले. दिवाकरराव बी.कॉम. होऊन कारखान्यात आले ते स्कूटर घेऊन. काम काय, तर मिलच्या स्टोअरबाबूंना खूश ठेवायचं. ते त्यांना झकास जमलं. कुठल्या बाबूच्या मुलीचं लग्न अडलंय, कुणाच्या मेव्हण्याला नोकरी हवीय, हे त्यांना त्या बाबूच्या बायकोआधी कळायचं. पत्रिका जुळवून देता देता ऑर्डर खिशात. वीस-बावीस वर्षं असा त्यांचा धंदा आणि समाजकार्य एकाच स्कूटरवर डबलसीट चालले होते.

मग नव्वद साल उलटलं. दिल्लीत म्हणे बाजार खुला झाला. इंदुरात काय झालं, तर गल्लोगल्ली एसटीडी बूथ निघाले, गच्च्यांवर केबलच्या छत्र्या आल्या, आणि मिलचे भोंगे एकामागून एक गप्प झाले. ज्या बायका भोंग्यावर भाताचा कुकर लावायच्या त्यांना घड्याळं घ्यावी लागली. मिल बंद झाली असं कोणी म्हणत नसे. "बंद है, चालू होगी," असंच सगळं शहर म्हणे. दिवाळीनंतर चालू होगी, इलेक्शन के बाद चालू होगी. कारखान्यातले डझनभर कारागीर तेच म्हणायचे, बाबूरावही मान हलवायचे. कोणी घेत नसलेल्या बॉबिन कातून कातून गोदामात रचल्या जात होत्या. मिल चालू झाली की एकदम माल लागेल ना, मग हात कसे थांबवायचे?

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात एका सकाळी बाबूराव चहात टोस्ट बुडवता बुडवता म्हणाले, "मंडपवाले धनेशजी आपली जागा मागून राहिलेत. मॅरिज गार्डन काढणार. आजूबाजूला वस्ती झालीय, चालेल म्हणतात. मी हो म्हणून टाकणार आहे. पाडव्यापर्यंत तुला दुसरं काही सुचलं तर बघ."

"हो दादा," दिवाकरराव म्हणाले. टोस्ट त्यांचाही बुडवलेला होता. तो कपातच विरघळला.

त्या दिवशी ते कारखान्यात गेले आणि खरादापाशी उगाच उभे राहिले. भुसा उडत होता, पट्टा फडफडत होता. इथे बँड वाजणार? इथे वरमाला? लोक त्यांना सचिव म्हणोत, अध्यक्ष म्हणोत, ते स्वतःला बॉबिनवाले कस्तुरे म्हणूनच ओळखत होते. खराद गेला तर आपण उरतो कोण, हे त्यांना खरंच कळेना. काही झालं तरी कारखाना जाऊ द्यायचा नाही, एवढं त्यांनी तिथे भुशात उभं राहून ठरवलं. फक्त ते दादांना सांगायचं कोणी, हा प्रश्न होता.

तोंडाने सांगण्यापेक्षा धंदा करून दाखवणं बरं, असं म्हणून ते कामाला लागले. आणि सुचलं काय, तर लाटणं! खराद तोच, लाकूड तेच, कारागीर तेच. बॉबिन मिलमध्ये जायची, लाटणं घराघरात जाईल. मिल बंद पडल्या, पण इंदूरकर जेवायचे थोडेच थांबणार आहेत?

नमुना पास करायला आईशिवाय कोण? इंदुमतीबाई ऐंशीला टेकल्या होत्या, पण पोळी अजून स्वतः लाटायच्या. पहिला नमुना त्यांनी हातात घेतला आणि "बोजड आहे," म्हणून परत दिला. दुसरा "भोंगळ", तिसरा "हे काय, मुसळ?" असे करता करता एक नमुना त्यांच्या हातात बसला. लांब, सडपातळ, मधे किंचित भरलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं. मूठबीठ काही नाही. त्यांनी एक पोळी लाटली, ती चंद्रासारखी गोल आली, आणि त्या म्हणाल्या, "ह्याला म्हणतात लाटणं!"

झालं. सगळा हिवाळा खराद लाटणी कातत राहिले. पाडवा दोन महिन्यांवर आला तेव्हा दिवाकररावांनी एक पोतं स्कूटरवर बांधलं आणि ते बर्तन बाजारात गेले.

पहिल्याच दुकानदाराने लाटणं उलटंसुलटं करून पाहिलं. "कस्तुरेजी, ये क्या ले आए?"

"बेलन!"

"ये बेलन है? अरे भिया, ये तो सिपाही का डंडा है. इसकी मूठ कहां है? पेट कहां है?"

दुसऱ्या दुकानात तेच, तिसऱ्यात तेच. मग दिवाकररावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळ्या इंदुरात मारवाडी, सिंधी, पंजाबी, माळवी, एकूण एक बाई पोटाळ बेलन वापरते, दोन्हीकडे मुठी असलेलं. मुठी धरायच्या आणि पोट फिरवायचं. बिनमुठीचं लाटणं वापरतात ती फक्त मराठी घरं, आणि मराठी घरात लाटणं सासूकडून सुनेकडे जातं, विकत कोण घेतो? तीन पिढ्या इंदुरात काढल्या, बोलण्यात निम्मी हिंदी आली, आमटीवरसुद्धा सेव पडायला लागली, पण कस्तुऱ्यांच्या एकाही माणसाने शेजारणीच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं नव्हतं!

घरी येऊन त्यांनी बायकोला, शोभनाबाईंना, सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"आईंनी पास केल्यावर? मी?"

आता बोला! दिवाकरराव कपाळाला हात लावून बसले.

पण हार मानतील तर ते दिवाकरराव कसले. माल खपत नाही तर पाहुण्यांच्या गळ्यात बांधायचा. पुढचे कित्येक आठवडे त्यांच्या झाडून सगळ्या समित्यांच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्याला शाल, श्रीफळ आणि लाटणं मिळू लागलं. नेत्रशिबिराच्या डॉक्टरांना लाटणं. निबंधस्पर्धेच्या परीक्षकाला लाटणं. महूहून 'शिस्त' या विषयावर बोलायला एक निवृत्त कर्नल आले होते, त्यांना लाटणं दिलं तर त्यांनी ते सवयीने बगलेत धरलं, टाच आपटली आणि खाडकन सलाम ठोकला. टाळ्या तर अशा पडल्या म्हणता! पण सत्कार करून करून किती करणार? इंदुरात प्रमुख पाहुणे भरपूर असले तरी लाटणी त्याहून जास्त होती. गोदामात एका बाजूला बॉबिनचे ढीग, दुसऱ्या बाजूला लाटण्यांचे.

बाबूराव एकदा गोदामात डोकावले आणि संध्याकाळी म्हणाले, "मी धनेशजींना होकार कळवला."

"हो दादा," दिवाकरराव म्हणाले. आणि खोलीत जाऊन त्यांनी स्वतःच्याच उशीला दोन गुद्दे हाणले.

त्या गुद्द्यांतूनच त्यांना ती अफलातून कल्पना सुचली म्हणतात. धाकटा भाऊ दादांना विरोध करू शकत नाही, कबूल. एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरही नाही करू शकत. पण अन्नपूर्णा परिसर नागरिक समितीचा सचिव? त्याला कोणाचा बाप अडवणार?

चारच दिवसांत कस्तुरे अँड सन्सच्या नावाने समितीचं पत्र आलं. 'आपल्या जागेवर मॅरिज गार्डन होणार असल्याचे समजते. वऱ्हाडाच्या मोटारी, बँड, घोडी आणि फटाके यांमुळे परिसरातील शांतता, परीक्षार्थी आणि वृद्ध यांचे काय होईल याचा विचार आपण केलेला दिसत नाही. सविनय पण ठणकावून विचारीत आहोत.' खाली सही 'सचिव' एवढीच, गिचमिड.

पत्र दादांपुढे नेऊन ठेवलं तेही दिवाकररावांनीच. भावाच्या समित्यांची नावं दादांनी कधी विचारली नव्हती. त्यांनी चष्मा लावून वाचलं. "कोण रे हा सचिव? फार माजलेला दिसतो."

"आहे एक," दिवाकरराव छताकडे बघत म्हणाले. "रिकामटेकडा."

"झणझणीत उत्तर दे त्याला."

झालं, दिवाकररावांनी कारखान्याच्या टाइपरायटरवर स्वतःला झणझणीत उत्तर दिलं. 'आमच्या खासगी मालमत्तेत नाक खुपसण्याचे आपणास कारण नाही.' ते वाचून सचिवाचा राग अनावर झाला. त्याने घरी बसून त्याहून तिखट पत्र लिहिलं. डायरेक्टर खवळला. सचिव चवताळला. सकाळी दहा ते पाच ते एका बाजूने भांडत आणि संध्याकाळी सहानंतर दुसऱ्या. एक दिवस तर शोभनाबाईंनी पाहिलं, नवरा पोळी खाता खाता पुटपुटून राहिलाय, "समजतो कोण स्वतःला? दाखवतोच त्याला!"

"कोणाला हो?"

"त्या डायरेक्टरला."

शोभनाबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

पण पत्रांनी का कुठे मॅरिज गार्डन अडतं? सचिवाने सभा बोलावली. विषय निघाला, पोहे आले, "कोणाचा विरोध?" झालं, आणि मोर्चाचा ठराव पास झाला. मोर्चा बायकांचा, कारण रात्रभर बँड वाजला तर सकाळी पोरांना शाळेसाठी उठवायचं कोणी? समोरच्या गल्लीतल्या उषाभाभी, मूळच्या कानपूरच्या, आवाज असा की मोर्चाला भोंगा नको, त्यांनी पुढाकार घेतला. "पर भाईसाब," त्या म्हणाल्या, "खाली हाथ मोर्चा अच्छा नहीं लगता. झंडे-वंडे कुछ हैं?"

दिवाकररावांचे डोळे लकाकले. "झेंड्याचं सोडा, भाभीजी. माझ्याकडे बढिया चीज आहे."

तर अशा रीतीने कस्तुऱ्यांचीच लाटणी कस्तुऱ्यांच्याच विरोधात घरोघर वाटली गेली. बेत त्यांनी नीट आखला होता. दादा त्या दिवशी सांवेरला मित्राच्या नातवाच्या मुंजीला जाणार होते. मोर्चा फाटकापर्यंत सचिवाने न्यायचा. मग सचिवाने मागच्या दाराने गुपचूप आत शिरायचं, चौकीदाराकडे ठेवलेला कोट चढवायचा, आणि फाटक उघडून डायरेक्टर म्हणून निवेदन स्वीकारायचं. पेपरवाला फोटो काढील, धनेशजींच्या कानावर जाईल, आणि तो भला माणूस भानगडीच्या जागेचा नाद सोडील. दादांशी एक शब्द बोलावा लागणार नाही. वा!

मोर्चा निघाला. काय मोर्चा होता! मुठीवाल्या बेलनाने ताट वाजवून बघा, नीट वाजत नाही, पोट मधे येतं. ही लांब सडक लाटणी स्टीलच्या ताटावर अशी कडाडली की अन्नपूर्णा मंदिराच्या आवारातली सगळी कबुतरं उडाली. शोभनाबाई होत्या. आणि रिक्षात बसून इंदुमतीबाईसुद्धा निघाल्या होत्या. त्यांना सुनेने एवढंच सांगितलं होतं की बँडबाजाविरुद्ध बायका जाऊन राहिल्यात. कुठे, ते त्यांनी विचारलं नाही. आपण पास केलेली लाटणी रस्त्यावर निघालीत म्हटल्यावर त्या घरी कशा बसतील?

फाटकाशी मोर्चा थांबला. सचिव मागच्या मागे पसार झाला. आत जाऊन कोट चढवला, केसावर हात फिरवला, चेहरा डायरेक्टरचा केला, आणि दिवाकररावांनी झोकात फाटक उघडलं. उषाभाभींनी घोषणा देत देत निवेदन त्यांच्या छातीवर टेकवलं.

"काय आहे ते?" मागून आवाज आला. "दे इकडे."

दिवाकरराव वळले. अंगणात दादा उभे होते. शेजारी धनेशजी, हातात मोजायची टेप. त्यांनी नेमकं आजच माप घ्यायला येतो म्हटलं, म्हणून दादांनी मुंज सोडली होती. आणि दादांनी ते सांगितलं नव्हतं, कारण या घरात कोण कोणाला काय सांगतं?

तेवढ्यात रिक्षा पुढे आली. इंदुमतीबाईंनी बाहेर डोकं काढलं, फाटक पाहिलं, दोन्ही मुलगे पाहिले. "अगंबाई, हा तर आपलाच कारखाना!"

"हो आई," शोभनाबाई म्हणाल्या.

"मग या सगळ्या बायांना उन्हात काय उभं केलंय? आत घ्या. चहा सांगा कोणीतरी."

घोषणा चालूच होत्या, ताटं कडाडत होती, आणि धनेशजींची टेप हळूहळू गुंडाळली जात होती. ती पूर्ण गुंडाळून त्यांनी खिशात घातली आणि हात जोडले. "बाबूरावजी, जहां लेडीज लोग पहले दिन बेलन लेके खड़ी हों, वहां शादी का धंधा नहीं चलेगा." ते मारुतीत बसले आणि गेले. बायकांनी एकच गिल्ला केला.

बाबूराव मात्र निवेदन हातात घेऊन ऑफिसच्या खोलीत शिरले. दिवाकरराव मागोमाग. दार लोटलं गेलं.

"सविनय पण ठणकावून," दादांनी वाचलं आणि चष्म्यावरून भावाकडे बघितलं. "लाटणी आपली, आई आपली, गिचमिड सही तीच. रिकामटेकडा म्हणाला होतास ना? दोन महिने मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालून राहिलो, दिवाकर. आणि तो रोज माझ्याच ताटाशेजारी बसून जेवत होता."

दिवाकरराव कोटाच्या गुंडीशी चाळा करत उभे.

"आता तोंडाने सांग."

"काय दादा?"

"बाहेर सगळ्या गल्लीच्या बायका ओरडून राहिल्यात ना, तेच. तू सांग. मला."

शहरभरच्या व्यासपीठांवर माइक हिसकावून बोलणारा हा पन्नाशीचा गडी, त्याला दोन शब्द सापडेनात. शेवटी सापडले. "जागा विकायची नाही, दादा."

दादा रागावले नाहीत. खुर्चीत बसले, आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. "हे पहिल्या दिवशी बोलला असतास तर? मला काय हौस आहे विकायची? बाबांनी घेतलेली जागा आहे."

"मग..."

"अशोकच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला." अशोक म्हणजे खरादावरचा सगळ्यात जुना कारागीर. "रोज विचारतो, मिल कधी चालू होणार बाबूजी. मी रोज म्हणतो, होईल. माहीत आहे मला की नाही होणार. नाही होणार म्हणून सांगायची हिंमत होईना. म्हटलं जागाच गेली की काम आपोआप बंद. कोणाला काही सांगायला नको." त्यांनी निवेदनाची घडी केली. "तू बायका आणल्यास, मी मॅरिज गार्डन आणत होतो. एकाच आईची लेकरं आपण."

दिवाकररावांना हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"आता कारखाना तुला हवाय ना? घे. लाटणी कर, बेलन कर, काय वाटेल ते कर. माझी खुर्चीही घे. पण बॉबिन संपली, हे आज जाऊन तू सांगायचं."

"सांगू की. एक बैठक बोलावतो, सगळ्यांना नीट बसवून..."

"दिवाकर."

"हो दादा. जातो."

शेडमध्ये कारागीर टाळ्या वाजवत होते. त्यांनी खिडकीतून सगळा तमाशा पाहिला होता. अशोक हसत हसत पुढे आला, कानाच्या पाळ्यांपर्यंत भुसा. "वाह भिया! बचा ली फैक्टरी! हमको तो लगा था गई."

दिवाकररावांनी हात वर केला. टाळ्या थांबल्या. समोर टेबल नव्हतं, विषयपत्रिका नव्हती, कोणाच्या हातात बशी नव्हती. सगळे रिकाम्या हातांनी आणि मोकळ्या तोंडांनी त्यांच्याकडेच बघत होते.

"बॉबिन का काम आज से बंद," ते म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून परत म्हणाले. "मिल चालू नहीं होगी. अब कभी नहीं होगी. बेलन बनाएंगे, पर उसमें सबका काम नहीं निकलेगा. आधे लोगों का निकलेगा. आधों को दूसरी जगह देखनी पड़ेगी."

मागे कोणीतरी मोटर बंद केली. पट्टा दोन फेरे फिरून थांबला. बाहेर बायकांचा चहा चालला होता, कपबशांचा आवाज येत होता. एक तरुण कारागीर खाली बसला. बाकीचे अशोककडे बघायला लागले.

अशोकने कानावरचा भुसा झटकला. त्याला धक्का बसलेला दिसला नाही. "हमको मालूम था, भिया," तो म्हणाला. "सबको मालूम था. मिल के बाहर ताला नहीं देखते क्या रोज?"

"फिर रोज पूछते क्यों थे दादा से?"

"कि वो एक बार 'ना' बोल दें." त्याने खरादावरची अर्धवट कातलेली नळी काढली आणि बाजूला ठेवली. "परसाल पीथमपूर की फैक्टरियों में भर्ती निकली थी. भाई मेरे को लेने आया था, चल बोला. मैंने कहा, बाबूजी ने बोला है मिल चालू होगी, उनको कैसे छोड़ दूं. वो अकेला गया." तो दिवाकररावांकडे बघून हसला, अगदी नेहमीसारखा. "अब वहां पैंतालीस के ऊपर वालों को नहीं लेते. आप परसाल बोल देते ना, तो चला जाता."

दिवाकररावांनी ती अर्धवट नळी उचलून हातात घेतली. दारातून शोभनाबाई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि ट्रे तसाच हातात धरून त्या उभ्या राहिल्या.